आबांची न घेतलेली मुलाखत

आमच्या घराण्यात एम.ए.पर्यंत पोचलेली मी पहिली. तिथं पोचल्यावर सगळ्यात आधी शिकले ते हे, की कामाला हात लावण्यापूर्वी त्याचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. इतिहास विभागात त्याला सिनॉप्सिस म्हणत. उद्दिष्टं, गृहीतकं, प्रकरणांची मांडणी, संदर्भसूची, सगळं त्यात हवं. एक ओळ संशोधन झालेलं नसताना निष्कर्ष काय निघणार तेही लिहायचं असे. मला हे फार भारी वाटायचं. आज सांगते, त्या आराखड्याच्या नादात मी माझ्या आजोबांना बोलू दिलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी रोज एस.टी.नं कोल्हापूरला जायची. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. ते अंगावर काळी भुकटी घेऊन घरी येत आणि मी बगलेत पुस्तकं घेऊन, म्हणून घरात माझा थाट काही विचारू नका. लघुशोधप्रबंधासाठी मी विषय घेतला तो आमच्याच बौद्धवाड्याचा. छप्पन्न साली धम्म घेतल्यावर आमच्या माणसांनी गावातली मेलेली जनावरं ओढायचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम सोडलं. त्यावर गावानं बहिष्कार घातला. दुकान बंद, गिरणी बंद, शेतातलं काम बंद. तेवढ्यात गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला आणि कुणी ओढेना म्हणून ओढ्याकाठी पडून राहिला. वास सुटला. तरी आपली माणसं हटली नाहीत आणि शेवटी गावकऱ्यांनीच नाकाला धोतराचा सोगा लावून बैल ओढला, ही गोष्ट आमच्या वाड्यातलं पोर बोलायला लागलं की शिकत असे. त्याच दिवशी बहिष्कार उठला, आणि पुन्हा आमच्यातल्या कुणी ढोराला हात लावला नाही.

आबा तेव्हाचे तरणेताठे. सगळं डोळ्यांनी बघितलेले. माझा विषय ऐकल्यापासून त्यांना चैन पडेना.

‘पोरी, त्या बैलाचं एक सांगायचं हाय तुला.’

‘आबा, थांबा की. आत्ता नगा सांगू.’

गाईड सरांनी मला बजावून ठेवलं होतं, की निवेदकाला रेकॉर्डिंगच्या आधी बोलू द्यायचं नाही. पहिल्यांदा सांगताना माणूस खरं सांगतो, दुसऱ्यांदा रचून सांगतो. शिवाय प्रश्नावली मंजूर झाल्याखेरीज घेतलेली मुलाखत समिती ग्राह्य धरत नाही. सरांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. मी हे सगळं आबांना मोठ्या शहाणपणानं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. ‘व्हय, रीतीनंच हू दे,’ म्हणाले.

रीत काही केल्या संपेना. समितीची बैठक गणपतीनंतर ठरली, ती दिवाळीनंतर गेली. सिनॉप्सिस एकदा परत आला, कारण गृहीतकं तीन हवी होती आणि मी दोनच लिहिली होती. तिसरं मी कॅन्टीनमध्ये बसून पाडलं. प्रश्नावलीतला सतरावा प्रश्न असा होता: ‘मेलेली जनावरे ओढण्यास वस्तीने ठाम नकार दिल्यानंतर गावाने माघार कशी घेतली?’ आज वाचते तेव्हा माझी मलाच लाज वाटते. विचारण्याआधीच मी उत्तर त्यात घालून ठेवलं होतं.

मी एस.टी.तून उतरून घरी आले की आबा उंबऱ्यात बसलेले असत.

‘आलं का तुज्या कागदाचं?’

‘न्हाय आबा. पुढच्या आठवड्यात.’

‘बरं. मी हाय की.’

दोनदा तर त्यांनी सुरुवातच केली. ‘तुजा बा पाळण्यात हुता तवा,’ म्हणाले, आणि मी चक्क त्यांच्या तोंडावर हात ठेवला. लाडानं. हसत. तो हात आठवला की आजही मला स्वतःचा राग येतो. ते बिडी शोधायला लागले.

डिसेंबरात मंजुरी आली. विभागात टेपरेकॉर्डर एकच, तो गडहिंग्लजच्या एका मुलानं नेलेला. परत आला की माझा नंबर होता. जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आबा तोंड धुवायला वाकले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, कळतं त्यांना सगळं, फक्त बोलता येणार नाही.

मी ढसाढसा रडले. आजोबांसाठी किती आणि त्यांच्या मुलाखतीवर बेतलेल्या चौथ्या प्रकरणासाठी किती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

सरांना मी खरं सांगायला गेले होते. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, ‘मुख्य निवेदक म्हणून त्यांचं नाव मंजूर झालंय. आता निवेदक बदलायचा तर पुन्हा समिती. तुम्ही लहानपणापासून ऐकलंय ना सगळं? मग लिहा.’ मी लिहिलं. आबांच्या बोलीत, आबांच्या लकबीसकट, सतराव्या प्रश्नाला दीड पान उत्तर. ‘आमी उपाशी मरू, पर दोरीला हात लावणार न्हाय, आसं म्या पंचांच्या तोंडावर सांगितलं.’ असं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. मला लिहिता येतं हा माझा मोठा दोष. परिशिष्टात मुलाखतीची तारीख आणि वेळसुद्धा टाकली.

काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांचा बांधीव प्रबंध घेऊन मी घरी आले, तेव्हा व्हायव्हाला आठ दिवस होते. आबांना उशीला टेकवून बसवलं, प्रबंध मांडीवर ठेवला. वडील पाळी संपवून आलेले, चहा पीत होते. मी म्हटलं, आबा, तुमची मुलाखत वाचून दाखवते. आणि चौथं प्रकरण वाचायला लागले.

पानभर झालं असेल. आबांच्या घशातून आवाज यायला लागला. आधी मला वाटलं, आनंद झालाय. वर बघितलं तर ते मान हलवत होते, इकडून तिकडे, जोरात. डाव्या हाताची मूठ वळून त्यांनी खांद्यावर नेली आणि अंग पुढं झोकून दिलं. पुन्हा तसंच. दोरी खांद्यावर घेऊन माणूस जड ओढतो तसं. मी म्हटलं, ‘व्हय आबा, गावानं ओढला न्हवं बैल?’ त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि तीच मूठ स्वतःच्या छातीवर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

मला कळलं. तरी माझ्यानं साधं ‘तुमी?’ एवढंसुद्धा विचारवलं नाही.

वडिलांनी कपबशी खाली ठेवली. ‘मी पाळण्यात हुतो,’ ते माझ्याकडं न बघता म्हणाले. ‘आईला दूध ऱ्हायलं न्हवतं. पीठ न्हाय, काय न्हाय. तांबडं फुटायच्या आदी आबा एकलेच गेले आणि बैल वड्याच्या पल्याड ओढून टाकला. आईनं मरताना मला सांगितलं. म्हंटली, त्येंच्याजवळ बोलू नगंस.’

‘मग मला तरी सांगायचं!’

‘त्येंनी सांगायचं हुतं ते. तुजी वाट बघत हुते न्हवं.’

आठ दिवस हातात होते. सरांकडं जाता आलं असतं, पान काढता आलं असतं, निदान ‘मुलाखत होऊ शकली नाही’ एवढी एक ओळ लिहिता आली असती. मी काहीही केलं नाही. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक म्हणाले, ही मुलाखत म्हणजे या प्रबंधाचा प्राण आहे. मी ‘थँक यू सर’ म्हटलं. पहिला वर्ग मिळाला, पुढं त्याच जोरावर ज्युनिअर कॉलेजात नोकरीही.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. मी त्यांना भरवायची, पाठ पुसायची, पण त्या बैलाचं नाव पुन्हा काढलं नाही. मान हलवून का होईना, हो-नाही ते सांगू शकत होते. मी विचारलंच नाही. मला भीती वाटत होती, की विचारलं तर लिहावं लागेल.

ते गेल्यावर समाजमंदिरात शोकसभा झाली. तरुण मंडळाच्या पोरांनी माझ्या प्रबंधाची झेरॉक्स आणली होती. म्हणाले, ताई, तुम्हीच वाचा. मी वाचलं. पंचांच्या तोंडावर सांगितलेल्या वाक्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या. वडील खाली मान घालून बसले होते.

सभा संपल्यावर आबांच्या वयाची एक म्हातारी काठी टेकत माझ्याजवळ आली. दोन घरं सोडून राहायची. माझा हात धरून तिनं मला भिंतीकडं नेलं.

‘चांगलं वाचलंस. पर पोरी, बैल कुणी ओढला ते आमाला ठावं हाय बरं का. समद्या म्हाताऱ्यांस्नी ठावं हुतं. वड्याच्या वल्या मातीत त्येचीच पावलं हुती.’

मी हातातली झेरॉक्स पाठीमागं धरली.

‘त्या दिवशी गिरणी उघडली. माज्या घरात चार रोजानं भाकरी झाली, ती त्येच्यामुळं. माजं थोरलं त्यानंच वाचलं. समद्यांची चूल पेटली. मग त्येला कोण बोलणार?’

‘मग त्यांना हे सांगितलं का न्हाय कुणी?’

म्हातारीनं माझा हात सोडला.

‘त्यो कदी बोलला न्हाय,’ ती म्हणाली. ‘आमाला वाटलं, त्यो सांगंल तवा सांगू.’