पाचव्या ठिपक्याची जागा

सुजाता गेल्याचं मला आमच्या बी.एस्सी.च्या ग्रुपवरून कळलं. तिला भेटायलाच दवाखान्यात निघाले होते, मांडीवर तिच्यासाठी खिचडीचा डबा होता, आणि बस सिग्नलला थांबलेली असताना फोन वाजला. कुणीतरी तिचा पदवी घेतानाचा फोटो टाकला होता. खाली आमच्याच वर्गातल्या महेशनं लिहिलं होतं, "शांत, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणारी मैत्रीण हरपली." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. रडू मला नंतर आलं. आधी राग आला. सुजाता शांत नव्हती. मनमिळाऊ तर नव्हतीच. आणि हे महेशला जेवढं माहीत आहे तेवढं दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

वाळूजच्या एका औषध कंपनीत ती गोळ्यांची तपासणी करायची. साधा ताप म्हणून दोन दिवस कामावर गेली, मग प्लेटलेट्स उतरत गेल्या त्या थांबल्याच नाहीत. शेवटची भेटले तेव्हा बोलायला तिला दम लागत होता, तरी सलाईनच्या नळीकडे बोट करून म्हणाली, "ए पत्रक, नर्सताईला सांग, ही नळी फेकू नका म्हणावं. डिपार्टमेंटला लागंल." मी हसले. तीही हसली... त्या नळीसाठीच हे लिहिते आहे.

'पत्रक' हे माझं नाव तिनंच ठेवलं. माझे पप्पा जयंतीला पत्रकं आणि पुस्तिका वाटायचे, मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून देताना मी इतकी बोलले, की मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पत्रक वाचून झालं का? आमचं पण नाव सांगू द्या." ती गंगापूरकडची. वडील वाळूजला शिफ्टमध्ये, आई ब्लाऊज शिवायची. बौद्ध घर तिचंही, माझंही. पण माझ्याकडे शब्द होते आणि तिच्याकडे पिपेट धरणारा स्थिर हात. खुलताबादच्या रस्त्यावरच्या आमच्या छोट्या विद्यापीठात रसायनशास्त्र आणि जीवरसायन शिकायला आम्ही जेमतेम वीस जण होतो. पाच टेबलं, कधी असणारा कधी नसणारा गॅस, आणि दर गुरुवारी प्रॅक्टिकल.

दुसऱ्या वर्षी लाळेचं प्रॅक्टिकल आलं. आपल्या लाळेत स्टार्च पचवणारं एन्झाइम असतं. स्टार्चमध्ये आयोडीन टाकलं की गडद निळं होतं, लाळ मिसळली की तो निळा रंग हळूहळू जातो. किती वेळात जातो ते मोजायचं. पाच टेबलांना पाच वेगवेगळी आम्लता दिलेली, प्रत्येकाचा एक ठिपका, आणि पाच ठिपके मिळून फळ्यावर घंटेच्या आकाराचा एकच आलेख. म्हणून लाळही एकाच माणसाची लागते, कारण प्रत्येकाच्या लाळेत एन्झाइम कमीजास्त असतं. पहिल्या गुरुवारी सरावासाठी महेशची लाळ घेतली. एकाच बीकरमधून सगळ्यांनी पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, तोंडानं ओढली, हसत हसत. महेश म्हणाला, "आता सगळे माझं उष्टं खाल्लेले."

दुसऱ्या गुरुवारी आलेख काढायचा होता आणि पाळी सुजाताची होती. तिनं चूळ भरली, लाळ पाणी घालून गाळली आणि बीकर मधल्या ओट्यावर ठेवला. थोड्या वेळानं पाहिलं तर आमचं टेबल सोडून बाकी चार टेबलांवर चार वेगळे बीकर होते. प्रत्येकात ज्याची त्याची लाळ. फळ्यावर पाच ठिपके पडले ते पाच दिशांना. सर म्हणाले, "मागच्या वर्षीचा बघून जुळवून घ्या. सुजाता, काढ रेघ." खडू तिच्या हातात होता. ती म्हणाली, "सर, ठिपके घंटेचे नाहीत."

"का नाहीत?"

"लाळ एकाची नव्हती. माझी नको होती यांना."

महेश लगेच बोलला, "तसं काही नाही सर. तोंडानं ओढायचं असतं, तोंडात जातं. कुणाचंही असो, घाण वाटते."

सर म्हणाले, आलेख नसेल तर कुणालाच गुण नाहीत, पुढच्या गुरुवारपर्यंत बघा. मग सगळा वर्ग तिच्याभोवती. तुझ्या एकटीच्या हट्टापायी आमचं वर्ष जाईल, एक रेघ तर ओढायची आहे! तिनं खडू ठेवून दिला. गुण तिलाच सगळ्यांपेक्षा जास्त हवे होते. पुढं शिकायचं होतं, आणि वडिलांनी एकदाच बजावलं होतं, नापास झालीस तर शिलाईला बसावं लागेल.

मी त्या रात्री पत्रक लिहायला घेतलं. आमच्या लोकांच्या गळ्यात थुंकीसाठी गाडगं बांधायला लावत होते, तिथून सुरुवात करून बीकरपर्यंत आले होते. सकाळी तिला वाचून दाखवलं. "लई भारी," ती म्हणाली. "पण नंतर वाट. आधी महेशचं कारण संपवू."

पुढच्या गुरुवारी तिनं पिशवीतून मेडिकलमधली एक मोठी सिरिंज काढली. तिच्या टोकाला सलाईनच्या नळीचा तुकडा. नळी पिपेटच्या वरच्या तोंडावर बसवली, दट्ट्या ओढला, पिपेट भरली. तोंडाचं काम संपलं. मग तिनं स्वतःचा बीकर आणि ती सिरिंज घेऊन एकेका टेबलाजवळ जायला सुरुवात केली. तिसऱ्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "आण इकडं." दुसऱ्या टेबलानंही घेतली. चौथं टेबल खाली बघत राहिलं. महेशचं टेबल पाचवं.

"आता तोंडात जात नाय," सुजाता म्हणाली. "आता काय?"

"तसं नाही गं... बरं नाही वाटत."

"व्हय ना? मग मागच्या बारीला हेच बोलायचं होतं. पिपेटवर कशाला ढकललं?"

फळ्यावर तीन ठिपके पडले, आमचा धरून. दोन जागा तिनं मोकळ्या सोडल्या आणि रेघ ओढली नाही. तास सुटल्यावर चौथ्या टेबलावरची एक मुलगी एकटीच परत आली, पिपेट भरली, वेळ मोजला आणि फळ्यावर चौथा ठिपका देऊन निघून गेली. पाचवा पडलाच नाही. गुण सगळ्यांना पास होण्यापुरते मिळाले. सुजाताचं पुढचं शिक्षण त्या गुणांनी हुकलं, ती कंपनीत लागली. तिला कधी विचारलं तर म्हणायची, "रेघ ओढली असती तर रोज खोटी गोळी पास केली असती."

परवा डिपार्टमेंटला गेले. सर थकलेत. म्हणाले, "आता आम्ही एन्झाइम बाटलीतलंच आणतो. वाद नको." वाद नको! तिनं मांडलेला वाद त्यांनी विकतच्या बाटलीत बंद केला आणि वर बूच लावलं. तिची शोकसभा येत्या गुरुवारी त्याच प्रयोगशाळेत आहे. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय.

तिथून गंगापूरला तिच्या आईकडे गेले. मावशी मशीनवर बसल्या होत्या, आणि हातात प्रॅक्टिकलची तीच सिरिंज, तीच नळी. सुजातानं दिलेली, मशीनमध्ये तेल सोडायला. कोपऱ्याकोपऱ्यात बरोबर थेंब पडतो म्हणाल्या. मी मागितली तेव्हा पदरानं पुसून हातात दिली. "घिऊन जा. पर माघारी आणून दे बाई, मशीन कोरडी पडती."

आता ती माझ्या टेबलावर आहे. साबणानं तीनदा धुतली तरी तेलाचा वास जात नाही. ग्रुपवर महेशच्या त्या ओळीखाली मी लिहिलं, "गुरुवारी ये. पाचव्या ठिपक्याची जागा अजून मोकळी आहे. या वेळी लाळ माझी असेल. पिपेट तोंडानं ओढावी लागणार नाही."

त्यानं वाचलंय. तो येवो न येवो, बीकर मी मधल्या ओट्यावरच ठेवणार आहे.