मिस्त्रीची बाळंतीण

"बाळंतीण हाय. दमानं."

नवं बांधलेलं इंजन गाडीत बसलं की आमचे मिस्त्री त्याच्यावर तळहात ठेवायचे आणि डायवरकडं न बघता एवढंच बोलायचे. गिऱ्हाईक नवखं असलं तर ते बिचारं मागं वळून बघायचं, बाई कुठं आहे म्हणून.

जालन्यात मोंढ्याच्या मागं त्यांचं गॅरेज. माझी शाळा चौथीला सुटली, पण ट्रक कसा चालवावा हे मला कोणी सांगितलेलं आजही खपत नाही. मिस्त्रींचं तेवढं ऐकायचो. तेही भांडून.

तुमच्यापैकी ज्यांनी गाडी बाळगली असेल त्यांना ठाऊक आहे, इंजनात नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या की आत सगळं घट्ट असतं. घासून घासून ते आपली जागा करून घेतं. त्याला सव्वा महिना द्यावा, असा मिस्त्रींचा कायदा. तोवर गच्च माल भरायचा नाही, कोणाच्या पुढं गाडी काढायची नाही. माझ्यासारख्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून रेसच्या पायडलखाली ते लाकडाचा ठोकळा तारेनं बांधायचे. पाय कितीही दाबा, गाडी पळायची नाही. मी एकदा तो काढून फेकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या दुप्पट जाड बांधला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्या तोंडानं. लई खूश दिसून राह्यला तू."

भोकरदनकडचा एक गाडीवाला मात्र फारच आज्ञाधारक निघाला. बाळंतीण म्हटल्यावर त्यानं गाडी घरी नेली, अंगणात सावलीला लावली आणि सव्वा महिना जागची हलवली नाही. सकाळ-संध्याकाळ उभ्या उभ्या इंजन तेवढं चालू करायचा. त्याच्या आईनं म्हणे रोज ऊदही फिरवला. मग गाडी रस्त्यावर काढली तर धूरच धूर. इंजन पुन्हा खोलावं लागलं. मिस्त्री कपाळावर हात मारून घेत होते.

"अरे, बाळंतीण म्हणलो मी! खाटंवर लोळवत ठेव म्हणलो का? उठंल, बसंल, घरातलं हलकं काम करंल, तवा अंगात ताकद येती."

"मंग बराबर सांगायचं ना, मिस्त्री," तो म्हणाला.

"तुझ्या मायला ठाऊक आसंल की! तिला इचारायचं."

दोन वर्षांमागं माझी गाडी तेल प्यायला लागली. मागं निळा धूर सोडत चालायची. थोरला पोरगा म्हणाला, "आबा, आता भंगारात देऊ." मी म्हणालो, मला आधी दे. बरीच तणतण झाली. शेवटी तो म्हणाला, "हे शेवटचं इंजनकाम. पुन्हा धूर दिसला की गाडी गेली. मंग बोलायचं न्हाई." गाडी गेल्यावर मी ओट्यावर बसून काय करणार होतो, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तोवर मिस्त्रींना छातीचं दुखणं लागलं होतं. गॅरेज त्यांचा मुलगा बघायचा. पण माझं इंजन त्यांनी स्वतः बांधलं. खुर्चीत बसून, मुलाला शिव्या देत, एकेक रिंग हातात घेऊन. पहिल्या फेरीला मी अर्धी गाडी सरकी ढेप भरली आणि जाफराबादला निघालो. मिस्त्री शेजारी चढून बसले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, गॅरेजच्या दारात येऊन नको नको म्हणत होत्या. "अगं, तिला एकलीला कसं पाठवू?" म्हणाले. तिला म्हणजे गाडीला.

राजूरच्या अलीकडं चढ लागला. मागून एक टेम्पो भोंगा वाजवत पुढं गेला. त्यातला ओरडला, "आबा, उतरून ढकलता का?" दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याला दाखवलं असतं. पण त्या दिवशी माझा पाय रेसवर टेकत नव्हता. आरशात धूर दिसत होता. निळसरच.

"दाब," मिस्त्री म्हणाले.

"न्हाई मिस्त्री. नवं हाय."

"म्हणून तर. वझं घेतल्याबिगर रिंगा बसत न्हाईत. जलमभर नको म्हणलो तवा दाबली, आज म्हणून राह्यलो तर भेतो?"

"धूर दिसतो मला."

"तू म्होरं बघ, धुराचं मी बघतो. दाब!"

मी दाबली. इंजन गुरगुरलं, आणि मग गाडीनं चढ असा ओढला की बास. मिस्त्री खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर लोंबकळून मागचा धूर बघत होते. वाऱ्यानं डोक्यावरची टोपी उडाली. मी ब्रेकवर पाय नेला.

"टोपी जाऊ दे! थांबू नको! पातळ व्हायला लागला, पातळ!"

माथ्यावर पोचलो तेव्हा ते आत बसले. डोळ्यांत धूळ गेली होती म्हणून पुसत होते, असं म्हणाले.

पहिलं तेल सव्वा महिन्यानं काढतात. ते तेल मिस्त्री दोन बोटांत चोळून बघायचे. लोखंडाचा कण लागला तर इंजन आतून खातं आहे, तेल मऊ लागलं तर रिंगा बसल्या. माझ्या गाडीचं तेल काढायची वेळ आली, त्याच्या आठवडाभर आधी मिस्त्री गेले. झोपेतच.

त्यांच्या मुलानं तेल काढलं. मी वाटीभर घेतलं, चोळून बघितलं. पण माझे हात राठ, मला काही कळेना. धूर तर दिसत नव्हता, तरी पोराला काय सांगावं? वाटी घेऊन मी मिस्त्रींच्या घरी गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाटी बघितली आणि काही न विचारता दोन बोटं बुडवली. डोळे मिटून चोळत राहिल्या. बराच वेळ.

"कण न्हाई, भाऊजी."

मी तिथूनच पोराला फोन लावला. वहिनींनी तेलकट हातानंच फोन घेतला.

"गाडी इकायची न्हाई, बाबा. आमच्या मिस्त्रीनं बांधलेली हाय. लई चालती आता ती."