आतोबा आणि दुसऱ्याचं दुखणं

दुसऱ्याचं दुखणं इतक्या आनंदाने ऐकून घेणारा माणूस म्हैसुरात दुसरा झाला नसेल. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मग जयलक्ष्मीपुरमच्या घरात येईल त्याला शिकवू लागले. विषय एकच. ठेच पायाला लागते, पण दुखतं ते मेंदूत. पायाचा निरोप वर पोचला की तो चार ठिकाणी वाटला जातो. एक जागा सांगते कुठं लागलं, दुसरी भीती घालते, आणि कानाच्या पातळीला खोल आत बसलेला हिप्पोकॅम्पस जुन्या आठवणी उचकून बघतो, की असं आधी कधी झालं होतं, कुठं झालं होतं, मग आता किती घाबरायचं. "अर्धं दुखणं आठवणीचं असतं, गोत्ता? कळलं का?" असं म्हणून ते स्वतःच्या कानाला टिचकी मारायचे आणि मग समोरच्याच्याही.

एकदा आम्ही हुणसूरहून बसने येत होतो. येलवालजवळ करकचून ब्रेक लागला आणि खिडकीची काच एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या बोटावर आदळली. लोक पाणी शोधत होते, कंडक्टर शिट्टी फुंकत होता, आणि आतोबा त्या माणसापुढे उकिडवे बसून कन्नडात विचारत होते, "आधी कळ आली की आधी भीती वाटली? नीट आठवून सांगा." माझी मान वर होईना. माझ्या मुलीला इंजेक्शनला नेलं, तेव्हा तर ती दवाखान्याच्या पायरीवरच किंचाळली. "बघ, बघ! सुई अजून कपाटात आहे आणि पोरीला इथं कळ आली!" असं ओरडत हे सत्तरीचे गृहस्थ भर रस्त्यात टाळ्या पिटू लागले. डॉक्टरीणबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. मुलगी मात्र आश्चर्याने रडायची थांबली.

घरात त्यांना गिऱ्हाईक मिळत नसे. आत्याला म्हणे काही दुखायचंच नाही. "दोन वर्षांत हूं की चूं नाही," ते मला अभिमानाने सांगत. "मी समजावलंय ना हिला सगळं. आठवण धरून ठेवत नाही, म्हणून दुखत नाही." आत्या डोसा वाढता वाढता नुसती हसायची.

मग एका सकाळी आत्या चुलीपुढे घामाघूम होऊन खाली बसली ती उठेना. पित्ताशयात खडे झाले होते आणि ते सुजून पिकलं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर ती हाताला लागली नसती. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" आतोबा म्हणाले, "आजच." खाटेवरून आत्या म्हणाली, "दोन वर्षं."

हळूहळू तिच्याकडूनच कळलं. कळ आली की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. दोन वर्षं!

"आत्या, सांगायचं नाहीस का गं?"

"अय्यो, कुणाला सांगू रे? हे लगेच खुर्ची ओढून बसतात. आधी असं कधी दुखलं होतं, तेव्हा कुठं होतीस, काय आठवलं. कळ सोसू का परीक्षा देऊ? बेडप्पा, नकोच म्हटलं."

ती रागावून बोलली नव्हती, तेच फार वाईट होतं. आतोबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांना एकही प्रश्न सुचलेला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ऑपरेशन नीट पार पडलं. आता आत्या गुडघा दुखला तरी दोन्ही भाषांत घर डोक्यावर घेते, आणि आतोबा निमूटपणे मिठाची पुरचुंडी गरम करून आणतात. म्हातारा सुधारला, असं लोक म्हणतात. मला मात्र ते टाळ्या पिटणारे आतोबाच हवेसे वाटतात, आणि असं वाटल्याची लाजही वाटते. परवा मी निघालो तर ते फाटकापर्यंत आले आणि कडीला हात लावून थांबले.

"दोन वर्षं, अरे," ते म्हणाले, "आणि न्हाणीघर माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर."