ढवळे सरांची हजेरी

सरांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण त्यांच्या हातात कायम चमचा आणि काचेचा पेला असायचा, म्हणून आम्ही पोरांनी त्यांना ‘ढवळे सर’ करून टाकलं. पुढे खर्ड्याजवळची आमची अख्खी वाडी तेच म्हणू लागली. एकदा तर वाडीतल्या एका लग्नाच्या पत्रिकेवरही ‘श्री. ढवळे गुरुजी’ असंच नाव आलं. सरांनी ती पत्रिका वर्गात सगळ्यांना दाखवली आणि घडी घालून खिशात ठेवली.

त्यांचं विज्ञान स्वयंपाकघरातून यायचं. मीठ, वाळू, लोखंडाचा कीस, शेंगांची टरफलं असं सगळं ते एका परातीत कालवत आणि म्हणत, “आता ज्याचं त्याला परत द्या.” आम्ही पाखडून टरफलं उडवायचो, चुंबक फिरवून कीस उचलायचो, उरलेलं पाण्यात ढवळून फडक्यातून गाळायचो. कुणी घाई केली की सर हात धरत. “निवळू दे आधी. गढूळ पाण्याशी भांडून उपयोग नसतो.”

दिवाळी झाली की घरं ऊसतोडीला जायची आणि शाळा ओस पडायची. सर शाळेमागच्या खोलीत एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. दुपारी ते आपला डबा घेऊन आमच्या पंगतीत बसत.

त्या वर्षी सहावीत मी एकटी उरले. आई आणि आबा बेलापूर कारखान्याकडे तोडीला गेलेले, मी चुलतीजवळ. मला वाटलं, आता कसला धडा! पण सरांनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि एकटीला शिकवायला सुरुवात केली. मिठाचं पाणी ताटलीत पातळ ओतून उन्हात ठेवलं. आम्ही दोघं पायरीवर बसलो.

“सर, मीठ कुठं गेलं?”

“चाखून बघ.”

“खारट हाय.”

“मग कुठं गेलं? इथंच आहे.”

दुपार कलली तशी ताटलीला पांढरी कड धरली. “आलं, आलं!” सर एकदम ओरडले, आणि ताटली उचलून दाराकडे वळले. आत सगळे बाक रिकामे होते. ते तिथेच थांबले.

पंधरा दिवसांनी आबा मला न्यायला आले. “हिला न्यावं लागतंय, सर. धाकटं लेकरू फडात कुनापशी ठेवायचं?”

“हिला राहू द्या. जेवणाखाण्याचं मी बघतो.”

“आन् त्या लेकराचं?”

सर आत गेले आणि तुरटीचा खडा व एक धुतलेलं फडकं घेऊन आले. “तिथलं पाणी कसं असेल कोण जाणे. तुरटी फिरव, निवळू दे, गाळ आणि उकळूनच पी,” म्हणाले. टेम्पो निघाला तेव्हा ते फाटकात उभे होते. हात हलवायचंही त्यांना सुचलं नाही.

कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, पाणी पाटाचं, मातकट. मी रोज हंड्यात तुरटी फिरवायचे. भोवती इतर कोप्यांतली पोरं जमायची. कुणी हंड्याला हात लावला की मी सरांसारखाच त्याचा हात धरायचे.

हंगाम संपवून परतले तर सर नव्हते. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात बदली झाली होती. चुलती शाळेत खिचडी शिजवायची. ती म्हणाली, “रोज हजरीत तुजं नाव घ्यायचे गं. वर्गात कुनी न्हाई, तरी घ्यायचे. मंग वाईच थांबायचे, आन् वही मिटायचे.”

आता मी राहुरीला माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या वर्षी कुणाकडून तरी सरांचा नंबर मिळाला. ते पुण्याला मुलाकडे होते. माझं नाव त्यांना लगेच आठवलं. मी काय काम करते ते सांगितलं, तर म्हणाले, “छान. इथं नळाला स्वच्छ पाणी येतं, बाळ. काही करायलाच नाही.” सूनबाई नि मुलगा कामावर, नातू परदेशी. दिवस मोठा असतो, म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “आपली शाळा कशी आहे? पोरं येतात का?”

पटसंख्या नाही म्हणून शाळेला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती.

“येतात की, सर,” मी म्हणाले. “बसायला जागा पुरत न्हाई.”

“वा! वा!” सर म्हणाले. फोन दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.