शाळा बुडवून पाहिलेला समुद्र

आम्हा दोघी बहिणींना अप्पांनी कधी शाळा बुडवू दिली नाही. अंगात कणकण असली तरी हजेरी होईपर्यंत वर्गात बसायचं, मग घरी यायचं. मामाचं लग्न होतं तेव्हासुद्धा आम्ही अक्षता पडायच्या वेळेला धापा टाकत मांडवात पोचलो होतो. अप्पा दुबलगुंडीच्या मराठी शाळेत मास्तर होते. अक्का सातवीत, त्यांच्याच वर्गात, मी पाचवीत. राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं.

त्यांच्या हट्टाला कारण होतं. आमचं मूळ घर निर्णा गावचं, मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की आजोबा कळप घेऊन बाहेर पडत. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर लेकरं. परतायचे ते पावसाच्या तोंडाला. दर दिवाळीला शाळेतून नाव कमी होऊन होऊन अप्पांचे दोघे थोरले भाऊ तिसरीच्या पुढे सरकलेच नाहीत. अप्पा नऊ वर्षांचे असताना अडून बसले. गावच्या मास्तरांच्या ओसरीवर राहिले, त्यांचं अंगण झाडलं, पाणी भरलं आणि शिकले. ते म्हणायचे, "मेंढरू चुकलं तर वळवून आणता येतं. शाळेचा दिवस गेला की गेला."

अशा माणसानं स्वतःच्या मुलींना भर मार्गशीर्षात सात दिवस शाळेतून काढून समुद्रावर नेलं. ते कसं झालं, ते सांगते.

शाळेत कानडी शिकवायला अंकोल्याकडचे एक सर होते. एकटेच असायचे, म्हणून रविवारी आमच्याकडे जेवायला येत. भाकरी मोडता मोडता ते आपल्या गावाबद्दल बोलायचे. घरामागे नारळाची बाग, बागेत एक सुटी खोली, खोलीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात ती खोली मोठ्या शहरांतल्या लोकांना भाड्यानं जायची. एका रविवारी ते म्हणाले, "आत्ता डिसेंबरात कोण येत नाही. तुम्ही गेलात तर आई भाडं घेणारच नाही. उगाच दोन रुपये ठेवा हातावर."

माय चुलीपुढं होती. ती एरवी पाहुण्यांच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी तिनं वळून विचारलं, "तिथनं दर्या दिसतो?"

"दिसतो काय, झोपू देत नाही," सर म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवस मायनं तो विषय सोडला नाही. अप्पा म्हणायचे, "उन्हाळ्यात बघू." माय म्हणायची, "उन्हाळ्यात भाडं हाय. आपलं जाणं व्हणार न्हाई, तुमाला बी ठाऊक हाय." ते खरंच होतं. उन्हाळ्यात आम्ही कधी हुमनाबादच्या पलीकडे गेलो नव्हतो.

एका सकाळी अप्पांनी रजेचा अर्ज लिहायला घेतला. कानडीचे सर हळूच म्हणाले, "पोरींना ताप आला म्हणून लिहा." अप्पांनी मान हलवली आणि खरं तेच लिहिलं. पाण्याचा तांब्या द्यायला मी ऑफिसात गेले होते, तेव्हा हेडमास्तरांच्या हातात तो अर्ज होता.

"समुद्र काय पळून जायलाय का, मास्तर? मे म्हैन्यात जावा की."

"मे म्हैन्यात आमाला परवडत न्हाई, सर," अप्पा म्हणाले. खाली बघत म्हणाले. असं बोललेले अप्पा मी पहिल्यांदाच पाहत होते. तांब्या टेबलावर ठेवून मी पळाले.

मी आनंदानं वेडी झाले होते. अक्का मात्र रडून लाल झाली. तीन वर्षं सलग पूर्ण हजेरीचं बक्षीस तिलाच मिळालं होतं, आणि यंदाही तिचा एक दिवस चुकला नव्हता. "मी राहते काकीकडं. तुमी जावा," ती म्हणाली. मायनं तिच्या कपड्यांची घडी करून पिशवीत भरली आणि म्हणाली, "तू न्हाईस तर मी कामून जाऊ?"

हुमनाबादेहून मोटारीनं सोलापूर, तिथून छोट्या रुळाच्या गाडीनं हुबळी. बिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना पोटरीतली ज्वारी उभी होती. मी खिडकी सोडली नाही, अक्कानं पुस्तक सोडलं नाही. हुबळीपासून पुन्हा मोटार. घाट लागला तेव्हा मला ओकाऱ्या झाल्या. माय माझं डोकं धरून बाहेर बघत होती. एवढं दाट रान तिनं पाहिलं नव्हतं. "हितं मेंढरं चारायची कशी? वाघच खाईल," असं ती स्वतःशीच म्हणाली.

सरांच्या आईला कोकणी आणि कानडी यायचं. मायला मराठी आणि मोडकं कानडी. पण तासाभरात दोघी बागेतल्या विहिरीवर बसून हातवारे करत कशावर तरी हसत होत्या.

समुद्राकडे आम्ही उन्हं कलल्यावर गेलो. सुरूची झाडं संपली आणि तो एकदम समोर आला. मी धावत सुटले. माय जिथं होती तिथंच उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लई हाय की वं." मग तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. लाटा एकीमागून एक येत होत्या. आजोळी कळपाला घालायचे तशी जिभेच्या टोकानं तिनं लाटांना हाळी घातली, "हुर्र, हुर्र," आणि अप्पांकडे वळून हसली. अप्पाही हसले. मास्तर झाल्यापासून ती हाळी त्यांनी घरात कुणाला घालू दिली नव्हती.

चार दिवस राहायचं ठरलं होतं. माय सकाळी भात टाकून वाळूवर जाऊन बसायची, ती जेवायलाच उठायची. काही करायची नाही. दुबलगुंडीत मी तिला नुसती बसलेली कधी बघितलीच नव्हती. शेजारची बाई रोज बांगड्यांचं कालवण पाठवायची. अप्पा काटे काढून काढून दमायचे, शेवटी नुसत्या रश्शावर भात खायचे. अक्का दोन दिवस रुसून होती. तिसऱ्या दिवशी अप्पांनी तिला ओल्या वाळूवर काडीनं अपूर्णांकांची गणितं घातली. ती सोडवता सोडवता तिचा फ्रॉक कमरेपर्यंत भिजला आणि रुसवाही गेला.

पाचव्या दिवशी निघायचं होतं. पिशव्या बांधून झाल्या होत्या. अप्पा मायला बोलवायला वाळूवर गेले, मी मागोमाग.

"चल, मोटार चुकंल."

माय उठली नाही. "मी न्हाई येत आज."

अप्पांना वाटलं, ती चेष्टा करतेय. "शाळा हाय. पोरींची बी हाय, माझी बी हाय."

"ल्हान असताना," माय म्हणाली, "आमी मेंढरं घेऊन ह्या अंगाला यायचो. लई लांब यायचो. एका साली माझा बा म्हणला, असंच म्हैनाभर चाललं तर दर्या लागतो. मी म्हणलं, चला. तर तिथं चारा भेटला आन् कळप माघारी वळला. दरसाल वळायचा. कोण मला इचारून वळवत न्हवतं. आज मी न्हाई वळत. उंद्या वळते. परवा वळते."

आमच्या घरात अप्पांना 'न्हाई' म्हणणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता ते ओरडणार. ते तिच्याशेजारी वाळूत बसले. मग उठून त्यांनी धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "चल, अंकोल्याला जाऊ. हेडमास्तरला तार करायची हाय."

दोन दिवस आणखी राहिलो.

गावी परतलो तेव्हा अप्पांच्या नावानं मेमो आला होता. ते दोन दिवस बिनपगारी गेले. अक्कानं मला पुढं सांगितलं, की पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिच्या नावापुढच्या सात 'गै'वरून त्यांनी बोट फिरवलं, आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं पुढचं नाव पुकारलं. सव्वीस जानेवारीला पूर्ण हजेरीचं बक्षीस दुकानदाराच्या मुलीला मिळालं. अक्कानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

"पुढच्या साली जाऊ," असं माय आणि अप्पा दर हिवाळ्यात म्हणायचे. मग दुष्काळाची सालं आली. कानडीच्या सरांची बदली झाली. अप्पांची बदली संतपूरला झाली, तिकडं तेलुगू बोलणारी पोरं वर्गात आली, त्यांच्यात ते गुंतले. अक्काचं लग्न झालं. खरं म्हणजे अडलं असं काहीच नव्हतं. कुणीतरी एका सकाळी अर्ज लिहायला घ्यायला पाहिजे होता, तेवढंच. तो पुन्हा कुणी लिहिला नाही.

मला नोकरी लागली त्या वर्षी माय गेली. पहिल्या पगारात तिला नेईन असं मी मनात ठरवलं होतं. तिला बोलून दाखवलं नव्हतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी आम्ही दोघी बहिणी मागच्या दारी मायची लुगडी घडी करत होतो. अक्का मध्येच म्हणाली, "तुला म्हाईत हाय का, माय दुपारची झोपली होती."

"कधी?"

"दर्यावर. अप्पा तार करायला गेले तवा."

माय दिवसा कधी झोपल्याचं मला आठवत नव्हतं. आजारपणातही ती टेकून बसायची. अक्का सांगत होती, की आम्ही दोघं गेल्यावर माय सुरूच्या सावलीत पुस्तक घेऊन बसलेल्या अक्काजवळ आली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि बघता बघता झोपली. लेकीच्या मांडीवर आई. अक्काच्या पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, पण ती हलली नाही. आम्ही परत येताना लांबून दिसलो तेव्हा माय जागी झाली, पदर सावरून बसली, आणि झोपल्याचं कुणाला बोलली नाही.

"मला कामून सांगितलं न्हाईस इतकी सालं?"

"माझंच होतं ते," अक्का म्हणाली. मग हातातल्या लुगड्याची घडी घालत, "आता दोघींचं."

मी तिला विचारत राहिले. कुठल्या कुशीवर झोपली होती? तोंड समुद्राकडं होतं का झाडाकडं? घोरत होती का?

"व्हय, थोडी," अक्का म्हणाली. हातातलं लुगडं तिनं पुन्हा उलगडलं, मांडीवर पसरलं आणि मला दाखवलं, की हितं डोकं होतं, आणि हात असा, गुडघ्याखाली.