वाण देण्याआधी

तीळ भाजल्याचा वास आला की दहिसरच्या चाळीतलं आमचं एक हळदीकुंकू आठवतं. न जेवण्याच्या आजारातून मी तेव्हा नुकती सावरत होते. वाण देण्याआधी आई जमलेल्या बायकांना म्हणाली, "पोरीचे नखरे नव्हते, आजार होता. कुठल्याच पोरीला जाडी, बारीक म्हणू नका. कौतुकानेही नको." मग, भेटतील तेव्हा 'किती छान बारीक झालीस' म्हणणाऱ्या शेजारच्या काकू माझ्याकडे वळल्या. "किती..." म्हणाल्या आणि अडखळल्या. "किती वेळ उभी आहेस गं, बस ना माझ्याजवळ." मी बसले, त्यांच्या हातचा तिळाचा लाडू हळूहळू संपवला. आज माझ्या घरी हळदीकुंकू आहे. तीळ भाजता भाजता मीच इतके खाल्ले, की लाडवांना कमी पडलेत.