आसनात दुखतंय

मास्तरांनी तीस वर्षांत हजारो पुरुषांच्या दोन पायांमधून टेप फिरवली होती. शिंप्यांच्या भाषेत त्या मापाला आसन म्हणतात. "डावीकडे की उजवीकडे?" असंही ते, आसन कुठल्या बाजूला सैल ठेवायचं ते ठरवायला, पँट शिवायला आलेल्या प्रत्येकाला विचारत, मान खाली घालून. गिऱ्हाईक कपाटाकडे बघत उत्तर देई.

पण स्वतःच्याच उजव्या बाजूला दुखायला लागलं, तेव्हा बायकोला त्यांनी सांगितलं, "कंबर धरलीय."

तिने बाम चोळला, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. तिची पाठ वळताच मास्तरांनी पिशवी पुढे घेतली. दुखणं दुप्पट झालं.

तिसऱ्या दिवशी धुण्यात त्यांचा पायजमा तिच्या हाताला लागला. आसनाची शिवण उसवून आत चार बोटं रुंद तुकडा जोडलेला. जोड इतका सफाईदार की दुसऱ्या कुणाला कळला नसता. पण त्यांच्या शिवणीला काज-बटणं करण्यात हिची वीस वर्षं गेली होती.

"कंबर धरली की आसन सैल करतात होय?"

मास्तर मशीनला तेल घालत राहिले.

"सुजलंय?"

"थोडं."

"थोडं म्हणजे केवढं?"

"परवा लिंबाएवढं होतं." मग तेलाची कुपी खाली ठेवत, "आता मोसंबं."

ती सोबत निघाली, तर "तू नको" म्हणून एकटेच दवाखान्यात गेले. आत डॉक्टर बाई होत्या, लेकीच्या वयाच्या. मास्तरांनी कसंबसं सांगितलं, "आसनात दुखतंय."

"कोणतं आसन करता?"

तिथेच चूक सुधारता आली असती. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळीच."

घरी येऊन त्यांनी गोळ्या टेबलावर ठेवल्या. "महिनाभर आसनं बंद करा म्हणाल्या."

बायको पदर तोंडाला लावून हसली. पाण्याचा पेला देताना त्यांचा हात तिच्या हाताला लागला, तापलेला. हसणं तिथंच थांबलं. "चला. चप्पल घाला."

"बाई, ह्यांचं आसन पँटीचं आहे, योगाचं नव्हे," तिने आत शिरताच सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "डावीकडे की उजवीकडे?"

मास्तर कपाटाकडे बघत म्हणाले, "उजवीकडे."

तपासणी झाली, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. अंडकोषामागच्या नळीत जंतुसंसर्ग होता. बाईंनी विचारलं, लघवी दाबून ठेवता का. दुकानाला मोरी नव्हती, म्हणून मास्तर संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नसत.

"बरं वाटलं तरी गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. पाणी भरपूर. पडून राहा, खाली टॉवेलची घडी घ्या, घट्ट चड्डी घाला. शेक बंद, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. आणखी थांबला असतात तर पू होऊन कापावं लागलं असतं. आणि कधी अचानक असह्य कळ आली, उलटी झाली, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. आत पीळ पडला तर सहा तासांनंतर अंडकोष वाचेलच असं नाही."

बाई तो शब्द भाजीचं नाव घ्यावं तसा घेत होत्या. दर वेळी मास्तरांची मान बोटभर खाली जात होती.

चौथ्या दिवशी धाकट्या जाऊबाई आल्या. "भावोजी दुकानात दिसले नाहीत?"

"कंबर धरलीय," बायको शेंगा सोलत म्हणाली. तिच्याही तोंडून ते अगदी सहज निघालं.

आतल्या खोलीत मास्तरांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

"घराण्याचीच कंबर कच्ची दिसतेय," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचीही धरलीय आठवडाभर. पण कंबर धरली तर माणूस पाय फाकून का चालेल, तुम्हीच सांगा."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अगं," आतून मास्तरांचा आवाज आला, "तिला सांग, माझी कंबर धरलेली नाही."

जाऊबाई दाराकडे बघत राहिल्या. बायकोने शेंगांची ताटली बाजूला सारली, मान खाली घातली आणि सांगायला सुरुवात केली.